भूकंप काढला, तरी धरण डोलत होतं

माझं आजोळ पाटणचं. ११ डिसेंबर १९६७ ची, कोयनेच्या भूकंपाची पहाट आजीकडून इतक्यांदा ऐकली आहे, की कोयना धरणाचं कॉम्प्युटर मॉडेल करायला घेतलं तेव्हा ते मला नुसतं बेंचमार्क, म्हणजे पद्धत तपासायचं ठरलेलं उदाहरण, वाटेना.

नव्या धरणाच्या कामाआधी भूकंपात भिंत कशी वागेल हे काढायची आमची पद्धत पारखायची होती. त्यासाठी कोयना उत्तम: धक्का धरणाच्या गॅलरीतल्याच यंत्राने नोंदवलेला, आणि तडे कुठे गेले तेही ठाऊक. १०३ मीटरची भिंत, आणि तडे वर, जिथे डाउनस्ट्रीमचा, म्हणजे पाण्याच्या उलट बाजूचा, उतार एकदम बदलतो त्या वाकणाजवळ.

माझ्या रनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या गणितात, मात्र पायाच्या टाचेशी, पाण्याकडच्या कडेला, एलिमेंट (मॉडेलमधल्या भिंतीचे छोटे तुकडे) पहिल्या अर्ध्या सेकंदातच तडकू लागले. मेश, म्हणजे या तुकड्यांची जाळी, बारीक केला, टाइम स्टेप, म्हणजे गणित पुढे सरकतं ते वेळेचं पाऊल, निम्मी केली. फरक शून्य. दुपारी वैतागून भूकंपच काढून टाकला. जमिनीला शून्य त्वरण देऊन तोच रन लावला.

माथा तरीही पुढे-मागे डोलत होता. दोन शिखरांमधलं अंतर मोजलं: ०.३४ सेकंद, म्हणजे भिंतीचा स्वतःचाच आवर्तनकाळ. पहिला झोका स्थिर उत्तराच्या, म्हणजे वजन आणि पाणी सावकाश लावल्यावर माथा जितका सरकेल त्याच्या, जवळपास दुप्पट. मग हळूहळू शमत बरोबर त्या उत्तरावर येऊन थांबलेला.

सरांनी ग्राफ पाहिला आणि विचारलं, "पाणी एका क्षणात भरलंस का गं?"

भरलं होतं खरं. स्वतःचं वजन आणि जलाशयाचा दाब, दोन्ही मी डायनॅमिक स्टेपच्या, म्हणजे हालचाल मोजणाऱ्या टप्प्याच्या, पहिल्याच क्षणी पूर्ण लावले होते. खऱ्या भिंतीवर पाणी महिनोन्महिने चढतं. माझ्या भिंतीला ते थपडेसारखं बसलं. पहिले दोन सेकंद सोडून पुढचं वाचावं म्हटलं तर तेही चालत नाही. तडकलेल्या एलिमेंटचा ताठरपणा गेला तो गेला, पुढचा सगळा भूकंप त्या आधीच जखमी भिंतीवर येतो. हालचाल पावलापावलाने पुढे मोजणारी न्यूमार्कची पद्धत इथे काही वाचवत नाही, ती दिलेली सुरुवात इमानाने पुढे नेते.

वजन आणि पाणी आधी स्टॅटिक स्टेपमध्ये, म्हणजे हालचाल न धरणाऱ्या टप्प्यात, लावले, डायनॅमिक तिथून पुढे. शून्य भूकंपाचा रन पुन्हा लावला. सरळ रेघ. इतकी सुंदर रेघ मी क्वचितच पाहिली असेल.

मग कोयनेची नोंद परत जोडली. टाचेशी थोडं नुकसान आताही झालं, पण भूकंप जोरात आल्यावर. आणि वर, साधारण ६६ मीटरवर, उताराच्या वाकणाशी एक एलिमेंट लाल झाला, म्हणजे तडकला, मग त्याच्या शेजारचा, मग आतला. संध्याकाळी आजीला फोन लावला.