पश्चिमेला शहर असलेल्या पठारावर लाइव्ह स्टॅकिंगची एक रात्र

पठार मोकळं, आकाश बऱ्यापैकी काळं, पण पश्चिमेला शहर. अंधार पूर्ण पडल्यावरही त्या बाजूला क्षितिजावर पिवळट-पांढरा उजेड राहतोच. डोळ्यांनी आकाश पाहणाऱ्याचं त्याकडे पाठ केली की भागतं. लाइव्ह स्टॅकिंगमध्ये, म्हणजे छोट्या फ्रेम टिपता टिपता एकमेकींवर रचून चित्र घडवण्यात, भागत नाही, कारण दहा मिनिटांचा स्टॅक (रचलेलं चित्र) ताणला, म्हणजे त्यातला फिकट भाग उजळवला, की काळ्या वाटणाऱ्या भागातही फ्रेमची एक बाजू उजळ आणि दुसरी गडद निघते. अमावास्येच्या आसपासच्या, थंडीतल्या या रात्री दोन जोडण्या होत्या: ८० मिमी एफ/६ (नाभीय अंतर व्यासाच्या सहापट) अपवर्तक म्हणजे भिंगाची दुर्बीण, आकाशाबरोबर फिरणारं इक्वेटोरियल माउंट आणि आयएमएक्स ५३३ सेन्सरचा कॅमेरा, दुसरीकडे १५० मिमी एफ/५ न्यूटोनियन म्हणजे आरशाची दुर्बीण, वर-खाली आणि आडवं फिरणारं अल्ट-अझिमथ माउंट आणि आयएमएक्स २९४ कॅमेरा. दोन्हींवर शार्पकॅप हे कॅमेरा चालवणारं आणि स्टॅक करणारं सॉफ्टवेअर.

तिथे जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की धरून जावं. फ्रेममधला सगळा असमान उजेड शहराचा नसतो. काही भाग दुर्बिणीचा, काही सेन्सरचा, काही शेजारच्या लॅपटॉपचा असतो. सॉफ्टवेअरमधली ग्रेडियंट, म्हणजे उजेडाचा उतार, काढायची सोय फक्त आकाशाच्या भागासाठी आहे. बाकीचे दोष तिच्यावर सोपवले की चित्र वरवर सपाट दिसतं आणि आत चुकलेलं असतं.

म्हणून सुरुवात फ्लॅटपासून, म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फ्रेमपासून. फोकस ठरला, कॅमेऱ्याचा कोन पक्का झाला की लगेच एलईडी पॅनेलवर २० ते ३० फ्लॅट घ्यावेत, हिस्टोग्रामचा (उजेडाच्या पातळ्यांच्या आलेखाचा) डोंगर साधारण मध्यावर ठेवून. पॅनेल प्रखर असेल तर पांढऱ्या कागदांचे थर लावून एक्स्पोजर दोन-तीन सेकंदांपर्यंत न्यावं. फार छोट्या एक्स्पोजरला पॅनेलच्या लुकलुकण्याचे पट्टे येतात, आणि आयएमएक्स २९४ वर छोटे फ्लॅट नीट जुळतही नाहीत. त्याच एक्स्पोजरचे, त्याच गेन-ऑफसेटचे (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण आणि शून्याच्या वर ठेवलेली पातळी) फ्लॅट-डार्कही, म्हणजे टोपी लावलेल्या फ्रेमही, घ्यायचे.

फ्लॅट आधी का, हे आकड्यांत पाहा. समजा कोपऱ्यात मध्याच्या ८० टक्केच प्रकाश पोहोचतो. आकाशाची पातळी मध्यावर ३००० असेल तर कोपऱ्यात २४०० येते. फ्लॅट न लावता नुसतं बॅकग्राउंड वजा केलं तर हा ६०० चा उंचवटा जातो आणि पार्श्वभूमी सपाट दिसते, पण कोपऱ्यातले तारे आणि तेजोमेघ २० टक्के मंदच राहतात. व्हिनेटिंग, म्हणजे कोपऱ्यांतली ही प्रकाशाची घट, गुणाकाराने येतं, आकाशाचा उजेड बेरजेने. त्यामुळे क्रम ठरलेला: डार्क (टोपी लावून घेतलेल्या फ्रेम) वजा, फ्लॅटने भाग, मग बॅकग्राउंड वजा.

दुसरी तपासणी पाच मिनिटांची आहे आणि सहसा कोणी करत नाही. न्यूटोनियनला पुढची टोपी लावा, १० सेकंदांची एक्स्पोजर चालू ठेवा आणि टॉर्च नळीच्या मागून, फोकसरच्या बाजूने, जोडांवरून सावकाश फिरवा. हिस्टोग्राम ज्या जागी उजवीकडे सरकेल तिथून प्रकाश आत येतो आहे. न्यूटोनियनमध्ये बहुधा मुख्य आरशाच्या मागची फट आणि फोकसरची नळी सापडते. मागे काळं कापड बांधा आणि फोकसरसमोरच्या भिंतीला काळा मखमली कागद लावा. पुढे व्यासाच्या दीडपट लांबीचं ड्यू शील्ड (दव आणि बाजूचा उजेड अडवणारी नळी) हवंच. अपवर्तकालाही तेच माप चालतं.

लक्ष्यांचा क्रम शहराच्या दिशेवरून ठरवावा. पश्चिमेकडे कलणारी त्रिकोणातली दीर्घिका एम ३३ सर्वांत आधी, आणि ती ४५ अंशांखाली उतरली की सोडून द्यायची. मग पूर्वेकडून चढणारा मृगातला तेजोमेघ एम ४२, त्यानंतर रोझेट तेजोमेघ, शेवटी ईशान्येकडून वर येणारी एम ८१ आणि एम ८२ या दीर्घिकांची जोडी. आकाशाच्या दोन भागांत १.५ मॅग्निट्यूडचा (तेजस्वितेच्या मापाचा) फरक म्हणजे तेजात चौपट फरक. ग्रेडियंट कितीही छान काढला तरी त्या जादा उजेडाचा नॉइज चित्रात राहतो, आणि तितकंच स्वच्छ चित्र मिळायला चौपट वेळ लागतो. लक्ष्याची निवड सॉफ्टवेअरपेक्षा जास्त कामाची आहे, ती यासाठी.

एम ३३ वर बॅकग्राउंड वजा करण्याच्या लिनियर (सरळ उतार धरणाऱ्या) आणि नॉन-लिनियर (वाकडातिकडा उतारही धरणाऱ्या) पद्धतींतला फरक अगदी जवळून दिसतो. ८० मिमी दुर्बिणीत फ्रेम सुमारे १.३५ अंशांची, आणि दीर्घिका लांबीला एक अंशाहून मोठी. प्रीप्रोसेसिंगमधलं बॅकग्राउंड सबट्रॅक्शन नॉन-लिनियर ठेवलं की दीर्घिकेभोवती गडद कडं उमटतं आणि तिच्यातल्या एनजीसी ६०४ या तेजोमेघाच्या पलीकडची फिकट भुजा पुसली जाते: सॉफ्टवेअर तिलाच आकाश समजतं. लिनियर ठेवलं की भुजा परत येते. फ्रेमच्या एक तृतीयांशापेक्षा मोठं लक्ष्य असेल तर लिनियरच. एम ४२ लाही तेच, शिवाय एक कोपरा तरी मोकळ्या आकाशाचा राहील अशी फ्रेम सरकवून घ्यावी. गाभ्यातले ट्रॅपेझियमचे तारे जळू (जास्त उजळून पांढरे पडू) नयेत म्हणून तिथे एक्स्पोजर चार-पाच सेकंदांचंच. नॉन-लिनियर खरं उपयोगी पडलं ते एम ८१-८२ ला, न्यूटोनियनच्या फ्रेममध्ये आजूबाजूला भरपूर रिकामं आकाश असताना.

सबट्रॅक्शन चालू करण्याआधी हिस्टोग्रामचा डावा पाय शून्याला चिकटलेला नाही ना, हे पाहायलाच हवं. चिकटला असेल तर ऑफसेट वाढवा. कापली गेलेली माहिती कुठल्याच गणिताने परत येत नाही आणि गडद कोपऱ्यांत रंगाचे डाग पडतात. रंग जुळवणीही सबट्रॅक्शननंतरच, कारण लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनेलचा उतार वेगवेगळा असतो.

अल्ट-अझिमथवर आकाश फ्रेममध्ये फिरतं. याने ग्रेडियंट बिघडतो असा समज आहे, तो अर्धाच खरा. सरळ उतारांची सरासरी सरळच उतार असते, त्यामुळे स्टॅकच्या मध्यभागाला फार बाधा होत नाही. अडचण कडांना येते. तिथे काहीच फ्रेम एकमेकींवर पडतात आणि दरम्यान आकाशाची पातळी बदललेली असते, म्हणून पायऱ्या दिसतात. शार्पकॅपमधलं सबट्रॅक्शन स्टॅकच्या आधी प्रत्येक फ्रेमवर चालतं, त्यामुळे पायऱ्या बऱ्याच कमी होतात. उरतो तो सेन्सरचा भाग. आयएमएक्स २९४ च्या कडेची अँप-ग्लो (सेन्सरच्या इलेक्ट्रॉनिक्समुळे येणारी चमक) डार्क न लावता ठेवली तर स्टॅकमध्ये कमानीसारखी पसरते, आणि ती आकाशाची समजून लोक तासभर नको ते स्लायडर हलवतात. आयएमएक्स ५३३ ला अँप-ग्लो नाही, म्हणून तिथे हा प्रश्नच आला नाही. शंका असेल तर कॅमेरा फोकसरमध्ये ९० अंश फिरवून एक फ्रेम घ्या. उजळ बाजू फ्रेममध्ये जागेवरच राहिली तर दोष सेन्सरचा. वेगळ्या कडेला गेली तर आकाशाचा किंवा नळीचा. तपासून झालं की कॅमेरा मूळ कोनावर आणा, नाहीतर फ्लॅट नव्याने घ्यावे लागतील.

फिरण्याचा वेग डोक्यावर सर्वाधिक आणि थेट पूर्व-पश्चिमेला जवळजवळ शून्य असतो. शहर पश्चिमेला असल्यामुळे इथे पूर्वेचा पट्टा दोन्ही कारणांनी सोयीचा. तरीही १० ते १५ मिनिटांनी स्टॅक सेव्ह करून नवा सुरू करावा. सेव्ह करताना ‘दिसतं तसं’ चित्र आणि मूळ ३२ बिट फिट्स (खगोलचित्रांचा फाइल-प्रकार), दोन्ही ठेवावीत. पहिल्यात ताण कायमचा बसलेला असतो, दुसऱ्यावर घरी सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा काम करता येतं.

रोझेटला फक्त ५००.७ आणि ६५६.३ नॅनोमीटरजवळचा प्रकाश सोडणारा ड्युअल-बँड फिल्टर लावला आणि उतार जवळजवळ नाहीसा झाला. दीर्घिकांना तो लावू नये. त्यांचा प्रकाश सगळ्या तरंगलांबींवर पसरलेला असतो, फिल्टर आकाशाबरोबर त्यांनाही कापतो. पांढऱ्या एलईडी दिव्यांमुळे जुने रुंद पट्ट्याचे फिल्टरही आता पूर्वीइतके कामाचे नाहीत. ते मुख्यतः सोडियम आणि पाऱ्याच्या दिव्यांसाठी होते.

मध्यरात्रीनंतर पातळ धुकं आलं तर स्टॅक थांबवावा. धुकं शहराचा उजेड परतवतं आणि उताराचा आकार दर काही मिनिटांनी बदलतो. शार्पकॅपमधला ब्राइटनेस फिल्टर लावून ठेवला तर अशा फ्रेम आपोआप गाळल्या जातात. कॅमेरा कूलिंगचा नसेल तर निघण्याआधी, तो अजून थंड हवेत असतानाच, टोपी लावून त्याच गेन-एक्स्पोजरचे ३० डार्क घ्या. त्या तापमानाचे डार्क घरी मिळत नाहीत.