तुमचा आकडा किती आला?

कालपासून त्या आजोबांचं बोलणं डोक्यातून जात नाहीये. सिव्हिलमध्ये हिपॅटायटिस बी च्या, म्हणजे पांढऱ्या काविळीच्या रांगेत बाकावर माझ्या शेजारी बसले होते. अक्कलकोटकडचे असावेत, बोलण्यात कानडी हेल होता. केसपेपर मांडीवर पसरलेला, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावा असा. आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "ताई, तुमचा आकडा किती आला? माझा आधी लाखात होता की. आता सापडतच नाही म्हणले बघा."

आकडा म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत ते, व्हायरल लोड. मी माझा कागद पालथा केला, त्यावर पर्स ठेवली आणि खिडकीकडे बघत बसले. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. पलीकडच्या माणसाला तोच प्रश्न विचारायला वळले.

भाकरी थापताना तेच, रात्री पडल्यावर तेच. या माणसाला लाज कशी वाटत नाही? आणि त्याच्या मागोमाग, मग मला नेमकी कशाची वाटते?

आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत निम्म्या बायका डब्यासोबत गोळ्या काढतात. शुगर, बीपी, थायरॉईड. कुणाची गोळी किती पॉवरची ते सगळ्यांना पाठ. एखादीची शुगर वाढली तर आठवडाभर तोच विषय. माझी गोळी मात्र घरी बॉबिनच्या डब्यात असते, रात्री सगळे टीव्हीसमोर असताना घेते.

पिवळी कावीळ झाली असती तर मीही सांगितलं असतं. मग दहाजणींनी दहा गावं सुचवली असती, कुठे दुधातून औषध देतात, कुठे गळ्यात माळ घालतात. उसाचा रस पी, तेलकट खाऊ नकोस. ती पाण्यातून येते, त्यात माणूस बिचारा ठरतो. पांढरी म्हटलं की माणसाचीच चौकशी सुरू होते. कुणाकडून आली? कशी आली? बाई असेल तर विचारायलाच नको, आवाज बारीक होतो आणि नजर पायापर्यंत जाऊन परत येते.

ही नजर मी पहिल्यांदा एका खाजगी दवाखान्यात बघितली. पिशवीच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तेव्हा. फाईलवर लाल पेनाने लिहिलं, आणि तुमच्यासाठी सगळं सामान वेगळं वापरावं लागेल म्हणून खर्च वाढेल, असं काउंटरवर सांगितलं. मागे लोक उभे होते. ऑपरेशन राहिलं ते राहिलंच. वर तपासण्यांची यादी हातात दिली. त्यातली एकच, व्हायरल लोडची, बाहेर करायची तर हजारांत. कारखान्यात आम्ही नगावर काम करतो. पीएफ नाही, ईएसआय नाही. विमा काढायला निघाले तर फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न आधीच्या आजाराचा. महात्मा फुले योजनेत केशरी कार्ड चालतं म्हणून चौकशी केली, तर ती ॲडमिट होऊन करायच्या उपचारांसाठी. रोजची गोळी आणि तपासणी त्यात बसत नाही. त्या रात्री मी खूप रडले, ते लिहून ठेवते. दारू कोण पितं आणि लिव्हर कुणाचं... जाऊ दे.

सिव्हिलला हे सगळं फुकट होतं हे मला कारखान्यातल्या कुणी सांगितलं नाही, सांगणार कसं, मीच कुणाला विचारलं नव्हतं. २०१८ च्या २८ जुलैला केंद्र सरकारने हिपॅटायटिसचा कार्यक्रम सुरू केला, त्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत. तिथल्या समुपदेशक बाई सावकाश बोलतात. ताटातून, पेल्यातून, मिठीतून हा विषाणू पसरत नाही, रक्तातून, सुईतून, संबंधातून आणि बाळंतपणात पसरतो, असं सांगितलं. सगळ्यांनाच गोळी लागते असंही नाही. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला सूज आहे का ते दाखवणारी रक्ताची तपासणी, व्हायरल लोड, लिव्हर किती कडक झालंय, हे बघून ठरवतात. मला लागली. टेनोफोव्हिर, रोज ठरल्या वेळी, आणि आपल्या मनाने बंद करायची नाही, नाहीतर विषाणू पुन्हा उसळतो. किती वर्षं, तर बहुधा कायम. माझ्या पुढच्या बाईला हिपॅटायटिस 'सी' होता. तिला बारा आठवडे गोळ्या, बहुतेकजण त्यात पूर्ण बरे होतात. मला तिचा हेवा वाटला. आजारातही आपल्या वाट्याला न संपणाराच यावा, असं वाटलं.

मग बाईंनी विचारलं, आईला काही होतं का?

जन्मावेळी लागण झाली तर शंभरातल्या सुमारे नव्वद मुलांत हा विषाणू कायमचा राहतो म्हणे. मोठेपणी लागला तर बहुतेकांच्या अंगातून आपोआप निघून जातो. म्हणजे माझ्यात हा कधीचा असेल? आई पोट फुगून गेली. गावाने तेव्हा तिच्याबद्दल काय काय म्हटलं ते मला इथे लिहायचं नाही. पण आज दिवसभर मशीनवर बसून शाळेच्या गणवेशांचे खिसे शिवताना मी तिच्याबद्दलच विचार करत होते. तिला कुणी आकडा सांगितला नाही. तिला लाज मात्र भरपूर मिळाली, आणि तिने ती कशाबद्दल आहे हे न कळताच घेतली.

हे लक्षात आलं तेव्हा कालचा राग गेला. त्या आजोबांवर मी रागावलेच होते, खोटं कशाला बोलू. त्यांच्या मोठ्या आवाजावर, पसरलेल्या कागदावर. त्यांना आपलं कमी झाल्याचा आनंद झाला होता आणि तो कुणाला तरी सांगायचा होता, एवढंच होतं ते. माझा आकडा कमी झाला तर मी कुणाला सांगणार आहे?

घरच्यांची तपासणी करून घ्या, असं बाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलंय. ह्यांना सांगितलं. ह्यांनी भिंतीकडे बघून "बरं" म्हटलं. धाकट्याला जन्मल्या जन्मल्या लस मिळाली होती, त्याच्या कार्डावर आहे. थोरलीच्या वेळी ती सगळीकडे सरकारी यादीत नव्हती, देशभर २०११ ला आली. म्हणून थोरलीला आज संध्याकाळी गच्चीवर नेऊन सगळं सांगितलं. उन्हाने फरशी अजून भाजत होती, दोघी उभ्याच होतो.

"मला पण असेल?"

"असू शकतं. नसेल तर तीन डोस घ्यायचे. असेल तर डॉक्टर बघतील, गोळी लागते का ते."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "स्थळ आलं तर सांगायचं का?"

मला उत्तर आलं नाही. आधी रक्त देऊन येऊ, म्हटलं. लग्नाचं मी अजून मनात आणलेलं नाही, आणि आणल्याशिवाय राहणारही नाही, हे मला माहीत आहे.

खाली येऊन शेठना फोन केला, सोमवारी सकाळची सुट्टी मागितली. मे महिना, शाळांच्या ऑर्डरी, त्यांनी कारण विचारलं. मुलीला घेऊन सिव्हिलला जायचंय, लिव्हरची तपासणी आहे, असं सांगितलं. आजाराचं पूर्ण नाव तोंडातून निघालं नाही. ते म्हणाले, "दुपारी दोनपर्यंत या म्हणजे झालं, शर्टांचे गठ्ठे पडलेत."