हायड्राइड जातं, हे कशावरून?

“मॅडम, तुम्ही फळ्यावर बाण काढून हायड्राइड इकडून तिकडे नेता. पण ते कुणी पाहिलंय का?” बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच. प्रश्न मला फार आवडतो, आणि तासाची बेल व्हायच्या आत त्याचं उत्तर कधीच पुरं होत नाही. म्हणून आज लिहायला बसले. हायड्राइड म्हणजे दोन इलेक्ट्रॉन सोबत घेतलेला, ऋण भाराचा हायड्रोजन.

कॅनिझारो या रसायनशास्त्रज्ञाचंच घ्या. १८५३ सालची अभिक्रिया. बेंझाल्डिहाइड या अल्डिहाइडमध्ये दाट पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली) घालायचं, बूच घट्ट लावायचं, दुधासारखं होईतो हलवायचं आणि रात्रभर ठेवून द्यायचं. सकाळी फ्लास्कमध्ये पांढरा लगदा. पाणी घातलं की तो विरघळतो, ईथरमध्ये बेंझाइल अल्कोहोल उतरतं, आणि उरलेल्या पाण्यात आम्ल टाकलं की बेंझोइक आम्लाचा साका बसतो. एका रेणूनं हायड्रोजन दिला, दुसऱ्यानं घेतला, एवढं यावरून कळतं. कसा दिला, ते मात्र वेग मोजल्याशिवाय कळत नाही.

ठरावीक वेळानं थोडं द्रावण पिपेटनं काढायचं आणि किती अल्कली उरली ते टायट्रेशननं बघायचं. द्रावण फार दाट नसेल, तर अल्डिहाइड दुप्पट केल्यावर सुरुवातीचा वेग चौपट होतो. अल्कली दुप्पट केली तर दुप्पट. म्हणजे सगळ्यात अवघड पायरी चढताना दोन अल्डिहाइड आणि एक हायड्रॉक्साइड सोबत असतात. हायड्रॉक्साइड आधी एका अल्डिहाइडला जोडला जातो. आता ऋण भार आलेला हा रेणू आपला हायड्रोजन दोन्ही इलेक्ट्रॉनांसकट शेजारच्या अल्डिहाइडच्या कार्बनला देतो. बेंझाल्डिहाइडच्या कार्बन-वलयावर नायट्रो गट असला तर अभिक्रिया भराभर होते, मेथॉक्सी असला तर रेंगाळते, कारण इलेक्ट्रॉनांची ओढ जिथे जास्त तिथे हायड्राइड लवकर जातं.

मग तो हायड्रोजन पाण्यातून आला नाही कशावरून? जड पाण्यात (त्यात साध्या हायड्रोजनच्या जागी त्याचं जड रूप, ड्युटेरियम, असतं) हीच अभिक्रिया केली, तर अल्कोहोलच्या कार्बनवर ड्युटेरियम सापडत नाही. आणि हायड्राइड मोकळं सुटलं असतं, तर पाण्याशी गाठ पडताच त्याचा हायड्रोजन वायू झाला असता. ते हातोहात जातं.

आपल्या शरीरातही असंच. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोत वेनेस्लँड, वेस्टहायमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ड्युटेरियम घातलेलं इथेनॉल वापरून दाखवलं, की एन्झाइमच्या कुशीत अल्कोहोलचा हायड्रोजन थेट एनएडीवर, म्हणजे पेशीत हायड्राइड वाहून नेणाऱ्या रेणूवर, जातो. त्यातून होणारं एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं. एनएडी तिथे जवळजवळ शोषतच नाही.

घरी कुणाचा एसजीपीटीचा (यकृतासाठी तपासतात त्या एन्झाइमचा) रिपोर्ट असेल तर काढून बघा. त्या तपासणीत एसजीपीटी पायरुव्हेट नावाचा रेणू तयार करतं, आणि ते होताच मुद्दाम भरपूर घातलेलं दुसरं एन्झाइम एनएडीएचचं हायड्राइड त्याच्यावर नेऊन ठेवतं. ३४० वरचं शोषण उतरत जातं आणि मशीन तो उतार मोजतं. आकड्यापुढे ‘यू/एल’ लिहिलेलं असतं: एका लिटरमागे, दर मिनिटाला, इतके मायक्रोमोल.