विधानभवन फक्त डिसेंबरचं नाही

काल नागपूरच्या सिव्हिल लाईन्समधून भाच्याला घेऊन येत होतो, विधानभवनासमोर मांडववाल्यांचे बांबू उतरून राहिले होते, तर तो विचारतो, मामा हे मुंबईवाल्यांनी अधिवेशनासाठी बांधलं का? मला खरंच वाईट वाटलं. त्याची चूक नाही म्हणा, आपणच पोरांना सांगत नाही.

अरे बाबा, महाराष्ट्र १९६० चा, ही इमारत त्याच्या कितीतरी आधीची, इंग्रजांच्या काळातली. नागपूर तेव्हा राजधानी होतं, १८६१ पासून मध्य प्रांताची, मग वऱ्हाड जोडल्यावर सीपी अँड बेरारची. माझे आजोबा शेवटपर्यंत कौन्सिल हॉलच म्हणायचे.

आणि इथलं कौन्सिल, म्हणजे प्रांताचं तेव्हाचं विधिमंडळ, काही मुकं नव्हतं. १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाचं बहुमत आलं, त्यांनी मंत्रीपदं घेतलीच नाहीत, उलट १९२४ च्या बजेटमध्ये मंत्र्यांचा पगार वर्षाला २ रुपये करून टाकला! महिन्याला नाही, वर्षाला. शेवटी मंत्र्यांची खाती गव्हर्नरला स्वतःकडे घ्यावी लागली. १९३७ मध्ये ११२ जणांची असेंब्ली आली, डॉ. ना. भा. खरे पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला असंच म्हणत), पुढच्याच वर्षी त्यांचं पद गेलं आणि रविशंकर शुक्ल आले. अध्यक्ष होते दुर्गचे घनश्यामसिंह गुप्त, १९३७ ते १९५२, पुढे संविधानाच्या हिंदी अनुवादाच्या समितीचे प्रमुखही तेच.

पण मला सगळ्यात जास्त लागते ती तारीख म्हणजे १ ऑक्टोबर १९३८. त्या दिवशी याच असेंब्लीनं वेगळ्या विदर्भाचा ठराव पास केला. म्हणजे आज जी मागणी घेऊन लोकं मोर्चात येतात आणि टेकडी रोडवर अडवली जातात, ती एकदा आत, सभागृहात, मतांनी मंजूर झालेली आहे. हे किती जणांना माहीत आहे?

१९५५ मध्ये राज्यांची फेररचना ठरवणाऱ्या फाजल अली आयोगानंही वेगळा विदर्भ द्या म्हटलं, झालं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला. आजोबा सचिवालयात क्लार्क होते, ते सांगायचे की शेजारची घरं एकेक करून रिकामी झाली, महाकोशलकडची (जुन्या प्रांताच्या हिंदी भागातली) माणसं सामान बांधून भोपाळला निघाली, आजी रोज कोणाला न कोणाला डबा करून द्यायची. मग १९६० च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्राचं पहिलं नागपूर अधिवेशन झालं आणि तेव्हापासून सभागृह वर्षातून काही आठवडे जागं होतं, कोरोनात २०२० आणि २०२१ ला तेही नाही.

माझं म्हणणं एवढंच की अधिवेशन संपलं की शाळेतल्या पोरांना आत नेऊन दाखवा, १९३८ चा ठराव भिंतीवर लावा. भाच्यासाठी मी यंदा गॅलरीचा पास मागणार आहे, आमदारांच्या ऑफिसात चिठ्ठी देऊन आलो.