आमची वाटचाल : गाळ, चुना आणि इथेनॉल

आमचं घराणं गुऱ्हाळाचं. 2012 साली पेपर मिलच्या गाळापासून इथेनॉल करायला कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत शेड घेतली, तेव्हा भाऊबंद म्हणाले, उसाच्या जिल्ह्यात राहून हा पेपर मिलचा गाळ कशाला उपसतोय? पण मिलचं सांडपाणी निवळणाऱ्या टाकीच्या, म्हणजे क्लॅरिफायरच्या तळाला बसणारा तो करडा गाळ म्हणजे कागद बनवायच्या जाळीतून (वायरमधून) निसटलेले आखूड तंतू. पल्प शिजवताना लिग्निन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारा चिकट भाग, बरंचसं निघून गेलेलं असतं, त्यामुळे साखर काढण्याआधी चिपाडासारखी त्याची वेगळी मशागत करावी लागत नाही. 50 अंशांवर सेल्युलेज हे एन्झाइम दिलं की तंतूंतून साखर सुटते, 32 अंशांवर यीस्ट दिलं की वॉश, म्हणजे आंबलेला अल्कोहोलचा रस, तयार.

परवाना, बँक, वॉशमधून स्पिरिट काढणारा कॉलम उभा करणं, सगळं रीतसर झालं. पाच वर्षं सुरळीत गेली.

मग मिलने कागदाला शाई-पाणी फुटू नये म्हणून करायची ॲसिड साइझिंगची पद्धत सोडून अल्कलाइन धरली आणि कागदात टाल्कऐवजी चुनखडी भरायला सुरुवात केली. आम्हाला कोणी सांगितलं नाही. एका पाळीला एन्झाइमसाठी आंबटपणा आणायला टाकीत गंधकाम्ल सोडलं, त्याची चुनखडीशी गाठ पडली आणि फेस झाकण उचलून बाहेर आला. पीएच 5 वर यायचा, तो 7 च्या खाली उतरेना. एन्झाइम नुसतं पडून राहिलं. खाली चुनखडी आणि ॲसिडमधून झालेल्या जिप्समचा थर बसून पाइप दगडासारखे झाले. चार महिने कॉलम थंड होता.

त्याच वेळी एक सल्लागार मिलमध्ये जाऊन सांगून आला की आमचं यीस्ट नासलंय, प्लँट बंद पडणार. मिलने त्याचं ऐकलं आणि आमचा गाळ त्याच्या ओळखीच्या वीटभट्टीकडे वळवला. आमचे मिस्त्री एवढंच म्हणाले, "मालक, यीस्ट टाकायच्या आधीच फेस आला न्हवं? मग यीस्टचा दोष कसा?" हा साधा प्रश्न मिलमधल्या एकालाही पडला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आम्हाला तारलं ते आबांनी. आमचं स्पिरिट घेऊन मॉलिक्युलर सिव्हवर, म्हणजे पाणी शोषणाऱ्या दाण्यांवर, त्यातलं पाणी काढणाऱ्या डिस्टिलरीचे ते चीफ केमिस्ट. एक टँकर न मिळताही त्यांनी आमचं नाव यादीतून काढलं नाही. उलट गाळाचा नमुना मागवून स्वतःच्या मफल भट्टीत, म्हणजे लॅबमधल्या बंद भट्टीत, दोनदा जाळला, 525 अंशांवर आणि 900 अंशांवर. 525 वर तंतू जळतात, चुनखडी तशीच राहते. 900 वर चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, 100 ग्रॅमचे 56 ग्रॅमच उरतात. आमच्या बाहेरच्या लॅबने 900 वर जाळून राख कमी दाखवली होती आणि त्यावरच आम्ही ॲसिडचा हिशेब धरला होता. 100 किलो चुनखडी मारायला 98 किलो गंधकाम्ल लागतं. हिशेब तिथेच बसत नव्हता!

या धंद्यात येणाऱ्यांनी यीस्टच्या जाती नंतर शोधाव्यात, आधी गाळाची राख 525 वर मोजावी. आणि ॲसिड ओतण्यापेक्षा गाळ धुवावा. मिस्त्रींनी रस गाळायच्या अनुभवावरून 100 मेशची (बारीक जाळीची) फिरती चाळण बनवली. चुना पाण्याबरोबर खाली जातो, तंतू वर राहतात. थोडे बारीक तंतू वाया जातात, ते सोसायचं. तीच चाळण आजही चालते, फक्त जाळी बदलतो.

2019 च्या महापुरात हायवे बंद पडून ट्रॉल्या अडकल्या, तेही निभावलं.

मिलने गाळ परत दिला, पण चुकलो असं कोणी म्हटलं नाही. लॅबचा तो अहवाल माझ्या टेबलाच्या खणात आहे. 900 या आकड्याभोवती आबांनी लाल पेनाने केलेला गोल अजून तसाच आहे.