परदेशी एमबीए आणि नोकरीचा व्हिसा

नाशिकहून अमेरिकेत एमबीए करायला निघालेल्या मुलांना मी विद्यापीठाच्या क्रमवारीआधी एकच गोष्ट तपासायला सांगते: अभ्यासक्रम 'स्टेम' (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) गटात नोंदलेला आहे का? पदवीनंतर ओपीटीखाली, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीखाली, १२ महिने काम करता येते; अभ्यासक्रम स्टेम असेल आणि कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कर्मचाऱ्यांची कामाची पात्रता तपासणारी सरकारी प्रणाली) नोंदलेली असेल, तर आणखी २४ महिने मिळू शकतात, म्हणजेच एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत उतरण्याची संधी अधिक वेळा मिळते. वर्षाला ६५,००० व्हिसा आणि अमेरिकेतील उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,००० ही मर्यादा पाहता हा फरक फार मोठा आहे, आणि शेती तारण ठेवून मुलांना पाठवणाऱ्या पालकांना तो आधी समजलाच पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

नोकरीचा शोध पहिल्या सत्रापासूनच सुरू व्हावा, कारण ओपीटीच्या पहिल्या वर्षात बेरोजगारीचे एकूण ९० दिवसच चालतात.

निफाडच्या एका विद्यार्थिनीने घरच्या द्राक्षनिर्यातीचे काम रेझ्युमेत लिहिलेच नव्हते. पॅकहाउसमधली प्रतवारी, शीतकंटेनरचे वेळापत्रक, युरोपातील खरेदीदारांशी पत्रव्यवहार, हे सारे ती वर्षानुवर्षे करत होती. आम्ही ते सर्वांत वर घेतले आणि पुरवठा-साखळीतील पदांसाठी अर्ज पाठवायला सुरुवात केली.