तुम्ही विचारलंत म्हणून : प्रार्थना सोडून हे कशाला?

‘तुम्ही ख्रिस्ती माणसे. प्रार्थना करावी, गरिबांना अन्नवस्त्र द्यावे. मजुरीच्या भांडणात कशाला पडता?’ हा प्रश्न मला परक्यांपेक्षा आमच्याच मंडळीतले लोक अधिक वेळा विचारतात.

माझे उत्तर बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्रापासून सुरू होते. पाचव्या अध्यायात तो श्रीमंतांना बजावतो की, ज्यांनी तुमची शेते कापली त्या कामकऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि त्यांचा आक्रोश प्रभूच्या कानी गेला आहे. याकोब दान मागत नाही, थकलेले देणे मागतो. हा फरक मला उशिरा उमगला. एका वर्षी चर्चमध्ये हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या दिवशी, एका सधन गृहस्थांनी मोठे अर्पण दिले आणि त्यांचे जाहीर आभार मानले गेले, तेव्हा त्यांच्याच बांधकामावरच्या चार बाया मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांचा दोन महिन्यांचा रोज थकलेला होता. ते आम्हां बहुतेकांना ठाऊक होते आणि मीही सर्वांबरोबर गीत म्हणत राहिलो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण अशा वेळी आठवते. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली आणि विधवा आणल्या, केडगावला त्यांना आसरा दिला; त्या कामाचे कौतुक त्यांच्या धर्मांतरावर रागावलेलेही करतात. पण 1897 मध्येच पुण्यातील प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी मुंबईच्या एका ख्रिस्ती वृत्तपत्रात पत्र लिहिले, त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. सरकार त्यांच्याच धर्माचे होते, आणि गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी त्यांचे आरोप फेटाळले. उपाशी मुलीला भाकरी देणाऱ्या रमाबाई सर्वांना हव्या असतात, इस्पितळाचा कारभार चव्हाट्यावर मांडणाऱ्या मात्र अडचणीच्या वाटतात. माझ्या मते दोन्ही कामांमागची श्रद्धा एकच होती.

त्या सणानंतरच्या रविवारी, भक्ती आटोपल्यावर, मी आणि आमचे पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, त्या बायांबरोबर गृहस्थांच्या दारात गेलो. (पाळकसाहेबांची नोकरी माझ्यापेक्षा अधिक पणाला लागली होती, हे नमूद केले पाहिजे.) चार खेपांनंतर रोज पूर्ण मिळाला. पुढच्या हंगामाच्या सणाला त्या गृहस्थांचे अर्पण आले नाही.